घरबसल्या ऑनलाइन खरेदीत पैसे कसे वाचवायचे आणि चांगली ग्राहकसेवा देणारं दुकान कसं ओळखायचं?

ग्राहकसेवा खरेदीआधीच तपासा. महागडी वस्तू घ्यायची असेल तर विक्रेत्याला एक नेमका प्रश्न विचारा: वॉरंटी कोण देतं, सुटे भाग मिळतात का? उत्तर वेळेत आणि मुद्द्याला धरून आलं तर पुढे जा. पैसे घेण्याआधी जो बोलत नाही, तो नंतर बोलेल अशी आशा मला तरी वाटत नाही.

परतीचे नियम मात्र शब्द न् शब्द वाचा. मुदत ऑर्डर दिल्यापासून मोजतात की वस्तू हातात पडल्यापासून? परत पाठवण्याचा खर्च कोणाचा? पैसे खात्यात येतात की त्याच दुकानात वापरायचं क्रेडिट मिळतं? स्वस्त वाटलेली वस्तू इथेच महाग पडू शकते.

किमतीची तुलना डिलिव्हरी शुल्क धरून करा. खोडून दाखवलेल्या ‘मूळ’ किमतीकडे बघूच नका; दुसरीकडे आज काय भाव आहे तो बघा. मोफत डिलिव्हरीसाठी नको असलेली वस्तू घेऊ नका.

तक्रार करायची वेळ आलीच तर फोनपेक्षा चॅट किंवा ईमेल बरा, लेखी पुरावा राहतो. ऑर्डर क्रमांक, फोटो आणि बदली वस्तू हवी की पैसे, हे पहिल्याच संदेशात लिहा.