दांडी की पॅडल? या महिन्याची पत्रं

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो की चांगल्या गिअरबॉक्सवरचं पॅडल शिफ्ट घाटात दांडीवाल्या मॅन्युअलइतकीच मजा देतं, आणि त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी टायर आणि मायलेज मिळून कधी आली नव्हती. निम्म्या लोकांनी मला शिव्या घातल्यात (प्रेमाने), उरलेल्यांना पॅडल म्हणजे नक्की काय तेच विचारायचंय. आमच्या आईला सांगत होतो तर ती म्हणाली, एवढ्या लाखांची गाडी आणि पायडल मारायचं? तर तिच्यासाठी आधी सांगतो, स्टिअरिंगच्या मागे दोन्ही बाजूंना कानांसारखे दोन खटके असतात, उजवा ओढला की वरचा गिअर, डावा ओढला की खालचा, क्लच नाही, दांडीला हात लावायची गरज नाही. बास एवढंच. आता पत्रं.

प्रश्न: मी मूळचा वाईचा, नोकरी हिंजवडीत. दर शनिवारी गावी जातो आणि रविवारी सकाळी पसरणी घाटात एक चक्कर ठरलेली. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घ्यायची ठरलंय, दीड लिटरचं टर्बो इंजिन, पण सहा गिअरची मॅन्युअल की सात गिअरची डीएसजी ऑटोमॅटिक यावर घरात भांडण आहे. बायको पण गाडी चालवते, तिला ऑटोमॅटिक पाहिजे. मित्र म्हणतात पॅडल म्हणजे व्हिडिओ गेम, खरा ड्रायव्हर मॅन्युअलच घेतो. काय करू?
(एक वाचक, वाई)

उत्तर: आधी त्या मित्रांचं बघू. त्यांना विचारा की शेवटचं पॅडल कुठल्या गाडीत मारलंत, बहुतेक उत्तर सीव्हीटी (पुली-बेल्टवालं ऑटोमॅटिक, खाली येतंय) नाहीतर एएमटी असंच येईल आणि मग त्यांचं बरोबरच आहे, त्यात मजा नाहीच. पॅडल हा नुसता खटका आहे हो, दाराच्या बेलसारखा, बेल वाजवल्यावर आतून कोण येतंय ते महत्त्वाचं. एएमटीमध्ये आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि दांडी तुमच्याऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक्स हलवतात, त्यामुळे प्रत्येक गिअरला गाडी क्षणभर दम घेते आणि आतल्या सगळ्यांच्या माना नंदीबैलासारख्या डोलतात. 2014 ला मारुतीच्या सेलेरिओमधून हा प्रकार आपल्याकडे आला आणि ट्रॅफिकसाठी स्वस्तात मस्त आहे, पण घाटात ओव्हरटेक करताना तो दम घेणं जिवावर येतं. टॉर्क कन्व्हर्टरवालं ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारं, सगळ्यात गुळगुळीत, खटका ओढल्यावर थोडं विचार करून ऐकतं. आणि तुमची डीएसजी म्हणजे ड्युअल क्लच, एका क्लचवर एक-तीन-पाच-सात आणि दुसऱ्यावर दोन-चार-सहा, तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, खटका ओढला की फक्त क्लच बदलतो, कळत पण नाही. गंमत अशी की त्याने चौथा लावून ठेवलाय आणि तुम्ही अचानक डावा खटका ओढून दुसरा मागितलात तर त्याला मागे वळावं लागतं आणि अर्धा श्वास उशीर होतो, पसरणीच्या वळणांवर हे तुम्हाला जाणवेलच.

आता मॅन्युअल. मी स्वतः मॅन्युअलवाला आहे त्यामुळे माझा कल धरूनच वाचा. वळणाच्या आधी ब्रेक, क्लच, तिसऱ्यातून दुसरा, मधे उजव्या पायाने ॲक्सिलरेटरला एक हलकीशी टिचकी म्हणजे इंजिनचा वेग खालच्या गिअरला जुळतो, आणि क्लच सोडला की गाडी जराही दचकत नाही, हे सगळं एका श्वासात जमलं ना की जे वाटतं ते डीएसजीमध्ये वाटत नाही कारण ती टिचकी तिथे कॉम्प्युटर मारतो, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली मारतो. आमच्या लहानपणी एसटीचे ड्रायव्हर डबल क्लच मारून, म्हणजे एका गिअरला दोनदा क्लच दाबून, त्या हातभर लांब दांडीने गिअर पाडायचे, खर्र आवाज न करता पडला तर पुढच्या सीटवर बसलेली आम्ही पोरं एकमेकांकडे बघायचो. ते वेड तिथूनच लागलं.

पण हिशोब करा. पसरणी घाट बारा-एक किलोमीटर, वर-खाली धरून पंचवीस, आठवड्यातून एकदा. उरलेले पाच दिवस भूमकर चौक आणि हिंजवडीचा तो मुंग्यांचा रस्ता. मी तुमच्या जागी असतो तर मॅन्युअल घेतली असती आणि दर सोमवारी सकाळी पस्तावलो असतो. तुम्ही डीएसजी घ्या. गाडी दोघांची आहे आणि एकाला आवडत नसेल तर दुसऱ्याची रविवारची मजा पण आंबते. फक्त एक लक्षात ठेवा, त्या डीएसजीचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडलेले नसतात, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये पुढची गाडी वीतभर सरकली की आपण पण वीतभर सरकायचं हे बंद, त्याने क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग जा, थांबलात की ब्रेक पूर्ण दाबून थांबा. मागचा हॉर्न मारेल, मारू दे. आणि घाटात डी मधे, म्हणजे गाडीच गिअर ठरवते त्या मोडमधे, ठेवून चालवू नका, पॅडल वापरा, गिअर वळणाच्या आधी तुम्ही ठरवा. मजा त्या ठरवण्यात आहे, दांडीने ठरवलं की बोटाने हा त्यानंतरचा वाद.

प्रश्न: हे पॅडल रेसिंगमधून आलं म्हणतात. रेसवाल्यांना वेगच हवा असतो हे मान्य, पण त्यांना दांडीत एवढी काय अडचण होती?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: कोल्हापूरकर रेसचं विचारणार नाहीत तर कोण विचारणार. अडचण नुसत्या वेगाची नव्हती, जागेची पण होती. फेरारीचा डिझायनर जॉन बर्नार्ड इंग्लंडमधे गिल्डफर्डला बसून काम करायचा, त्याला कॉकपिट अरुंद करायचं होतं आणि ड्रायव्हरच्या शेजारून जाणारी ती गिअरची दांडी आणि तिचा मागपर्यंतचा रॉड मधे येत होता, म्हणून त्याने दांडीच काढून टाकली आणि गिअर स्टिअरिंगवर आणला. ही फॉर्म्युला वनची फेरारी 640, साल 1989. टेस्टिंगमधे गाडी सारखी बंद पडत होती, पहिली रेस ब्राझीलला, पूर्ण करेल असं कोणाला वाटत नव्हतं, आणि नायजेल मॅन्सेलने ती रेस चक्क जिंकली. नंतर त्या सीझनमधे गाडीने भरपूर रडवलं तो भाग वेगळा.

पण मला त्याच देशातली दोन वर्षांनंतरची गोष्ट जास्त आवडते. 1991, इंटरलागोसचा ट्रॅक, ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेना आपल्या घरच्या लोकांसमोर, त्याच्या मॅकलॅरेन टीमच्या गाडीत अजून दांडीवाला मॅन्युअल गिअरबॉक्स. मागे मॅन्सेल, आता विल्यम्स टीममधे, पॅडलवाल्या सेमी ऑटोमॅटिकसह. सेनाचे एकेक गिअर जायला लागले, शेवटी सहाव्या गिअरवरच गाडी ओढत राहिला, हळू वळणांवर पण सहावाच, विचार करा आपण टॉप गिअरवर स्पीड ब्रेकरवरून गेलो तर गाडी कशी कण्हते. त्याच्या आधीच मॅन्सेल त्याला गाठायला बघत होता तर मॅन्सेलचाच नवा गिअरबॉक्स गेला आणि तो बाहेर पडला! मागून मॅन्सेलचा टीममधला जोडीदार पत्रेसे येत होता पण सेना तीन सेकंदांपेक्षाही कमी फरकाने जिंकला, हाताखांद्यांना असे गोळे आले होते की ट्रॉफी जेमतेम उचलता आली. त्या वर्षीची चॅम्पियनशिप पण त्यानेच घेतली आणि मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीने जिंकलेली ती शेवटची. चारेक वर्षांत सगळ्यांनीच पॅडल घेतलं, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात आणि चुकून भलता गिअर पडून इंजिन फुटत नाही. रस्त्यावरच्या फेरारीत ते 1997 ला एफ 355 मधे आलं.

प्रश्न: माझ्या सीव्हीटीला पॅडल आहेत, सात गिअर दाखवतात, पण ओढलं तरी नुसता आवाज वाढतो, गाडी काही उचलत नाही. बिघाड आहे का? शोरूमवाले म्हणतात सगळं ठीक आहे.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: ठीकच आहे. सीव्हीटीमधे गिअर नसतातच, दोन पुली आणि एक बेल्ट असतो, पुली रुंद-अरुंद होऊन गुणोत्तर सरकत राहतं. ते सात गिअर म्हणजे कॉम्प्युटरने ठरवलेल्या सात जागा आहेत, डब्यात एकच भाजी आणि सात वाट्या. कसारा घाट उतरताना उपयोग आहे, मजेची अपेक्षा ठेवू नका. मायलेज बघा आणि खूश राहा.

प्रश्न: मी आठवड्यातून दोनदा कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटातून येते. नवीन गाडी ऑटोमॅटिक, पॅडलवाली. उतारावर डावं पॅडल ओढलं की इंजिन इतकं ओरडतं की भीती वाटते, त्यामुळे मी ब्रेकवरच उतरते आणि खाली आल्यावर जळका वास येतो. भाऊ म्हणतो न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचेल. खरंय का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर: ताई, भावाला माझ्याकडे पाठवा. उतारावर न्यूट्रल अजिबात नाही. इंजेक्शनवाल्या गाडीत तुम्ही गिअरमधे असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनला जाणारं पेट्रोल बंद होतं, चाकंच इंजिनला फिरवतात, उलट न्यूट्रलमधे इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं पेट्रोल जातच राहतं. म्हणजे बचत पण नाही आणि गाडी सगळी ब्रेकच्या भरवशावर. तो जळका वास ब्रेक पॅडचा आहे, आणखी तापले तर ब्रेकचं पेडल दाबूनही गाडी थांबायला मागत नाही.

जुने ट्रकवाले सांगतात ज्या गिअरमधे चढलास त्याच गिअरमधे उतर, तेच करायचं. घाट सुरू व्हायच्या आधी डावं पॅडल ओढून तिसरा, मोठ्या वळणांना दुसरा. इंजिन ओरडतं ते ओरडू द्या, चार हजार आरपीएमला त्याला काही होत नाही, मीटरवरच्या लाल पट्ट्याच्या पलीकडे जाईल असा गिअर मागितलात तर गाडी देतच नाही, नुसती टुंग करून नाही म्हणते. आणि इथे पॅडल मॅन्युअलपेक्षा सरस आहे हे मला मान्य करावंच लागेल, कारण मॅन्युअलमधे पाचव्यातून चौथा टाकायचा आणि गडबडीत दुसरा पडला तर अडवायला कोणी नसतं, इंजिनचे व्हॉल्व्ह वाकून येतात आणि बिल बघून आपण.

प्रश्न: सुपरकार कंपन्यांनी मॅन्युअल बंदच केलं, मग मॅन्युअल चांगलं म्हणणारे आपण जुनाट का?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: पोर्शाचं उदाहरण घ्या. 2013 ला 911 जीटी3 आली ती फक्त पीडीके म्हणजे ड्युअल क्लचमधे, लोक चिडले. 2016 ला त्यांनी 911 आर काढली, फक्त मॅन्युअल, फक्त 991 गाड्या, आणि सेकंडहँड बाजारात तिचे भाव असे चढले की कंपनीला काय ते कळलं. 2017 च्या जीटी3 मधे मॅन्युअलचा पर्याय परत आला. आता बघा, शून्य ते शंभर पीडीके 3.4 सेकंद आणि मॅन्युअल 3.9, म्हणजे अर्धा सेकंद हळू आहे हे माहीत असून लोकांनी ती घेतली. जुनाट म्हणा हवं तर, हौसेला मोल नाही.

प्रश्न: आम्ही लेस्टरला राहतो. मुलगी सतरा पूर्ण झाली, ड्रायव्हिंग शिकायचंय. तिला ऑटोमॅटिकवर टेस्ट द्यायचीय, सोपं पडतं म्हणे. देऊ द्यावी का?
(एक वाचक, लेस्टर)

उत्तर: तुमच्याकडे ऑटोमॅटिकवर पास झालं तर फक्त ऑटोमॅटिक चालवता येते, मॅन्युअलवर पास झालं तर दोन्ही. दोन महिने जास्त लागले तरी चालतील, मॅन्युअल. पुढे इलेक्ट्रिकच घेणार असेल तरी. हे मजेसाठी नाही सांगत, मजा तिला लागली तर लागेल.

प्रश्न: इलेक्ट्रिकमधे गिअरच नाहीत, मग तुमचा हा कॉलम पाच वर्षांनी काय छापणार?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: अहो, इलेक्ट्रिकमधे पण पॅडल आलेत. नेक्सॉन ईव्हीमधे ते गाडी किती ओढून धरायची म्हणजे रीजन किती हे ठरवतात, आणि ह्युंदाईने आयोनिक 5 एन मधे तर कमाल केलीय, नसलेले आठ गिअर, खटका ओढला की मुद्दाम दिलेला झटका आणि स्पीकरमधून इंजिनचा आवाज. मी ऐकून हसलो होतो. पण पेट्रोल गाड्यांवर वाढलेल्या लोकांना ते आवडतंय, कारण वळणाआधी ठरवायला काहीतरी परत हातात आलं. तेव्हा पाच वर्षांनी पण पत्रं पाठवा.

प्रश्न: वय 61, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चाळीस वर्षं मॅन्युअल चालवली, सुरुवात वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीवर. आता मुलाने पॅडलवाली ऑटोमॅटिक आणून ठेवलीय आणि मला हात लावावासा वाटत नाही, हरल्यासारखं वाटतं. काय सांगाल?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: काका, पद्मिनीचा गिअर कुठे होता आठवा. स्टिअरिंगच्या खालीच, डाव्या हाताला, कॉलमवर. चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही स्टिअरिंगजवळ बोटं नेऊन गिअर टाकायचात, आता परत तिथेच आलात, मधली दांडी हीच मधली भानगड होती असं समजा.

डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलं की रविवारी सकाळी सहाला काढा, रस्ते रिकामे असताना. पहिले काही दिवस डावा पाय सवयीने क्लच शोधणार आणि रुंद ब्रेकवर जाऊन आदळणार, गाडी जागच्या जागी उभी राहील आणि मागचा रिक्षावाला तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. म्हणून बसल्याबरोबर डावा पाय डावीकडच्या फूटरेस्टवर टेकवायचा आणि तिथून हलवायचा नाही. सरळ रस्त्याला डी मधेच राहू द्या. शिळफाट्यापुढे मोकळा रस्ता लागला की मग डावा खटका एकदा ओढून बघा.