वाचकांचे प्रश्न : धावपटू, नियम आणि तब्येत

प्रश्न : माझी मुलगी १५०० मीटर धावते. ‘नाडा’च्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नोंदणीकृत चाचणी गटात, म्हणजे कधीही न सांगता चाचणी होऊ शकणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव आल्याचं पत्र मिळालं. ठावठिकाण्याची माहिती कोच भरतो म्हणतात. चालेल का? – एक पालक, सातारा

भरू द्या, पण चुकलं तर जबाबदार तीच. त्यामुळे पासवर्ड तिच्याकडेच हवा. तिमाही सुरू होण्याआधी पुढच्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक दिवसाचा रात्रीचा मुक्काम, सरावाची जागा, स्पर्धा आणि पहाटे ५ ते रात्री ११ यांमधली कोणतीही ६० मिनिटं नोंदवायची. त्या वेळात ती तिथे सापडली नाही, तर ती चुकलेली चाचणी. माहिती भरली नाही किंवा चुकीची भरली, तरी दोष तेवढाच. १२ महिन्यांत असे कोणतेही तीन दोष झाले की दोन वर्षांची बंदी; हलगर्जी कमी ठरली तरी किमान एक वर्ष. १०० मीटरचा २०१९ चा जगज्जेता क्रिस्टियन कोलमन याच नियमामुळे टोकियो ऑलिम्पिकला मुकला. त्याच्या नमुन्यात काही सापडलं होतं असं नाही.

बहुतेक घोळ साधे असतात. शिबिराला गेली, पत्ता जुनाच राहिला. वॉचमनने अधिकाऱ्याला आत सोडलं नाही. बेल बंद होती. अधिकारी फोन करेलच, असं धरून चालू नका. फोन आला नाही ही सबब चालत नाही. खोली नंबर, विंग, फाटक सगळं लिहा. वेळ सकाळी उठायच्या सुमाराची ठेवा, पण ती सरावाला पाचला निघत असेल तर साडेपाच टाकू नका. बेत बदलला की ठरलेला तास सुरू होण्याआधी ॲपवर बदल करायचा.

प्रश्न : खोकल्याचं साधं औषध किंवा अशक्तपणासाठी सलाईन घेतलं तर? – धावपटू, नाशिक

आपल्याकडच्या पुष्कळ कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळी करणारं औषध असतं. उत्तेजकविरोधी नियमांनुसार ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, दोन्हीकडे बंद. त्याच जातीच्या साल्ब्युटामॉलचं सिरपही नको. दम्याच्या पंपातून (इनहेलर) साल्ब्युटामॉलला मात्र २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पर्यंत मुभा आहे. दुकानदाराला ब्रँड न विचारता बाटलीवरचा घटक वाचा.

सलाईनची गंमत अशी, की द्रव निरुपद्रवी असला तरी शिरेतून १२ तासांत १०० मिलिलीटरपेक्षा जास्त घेणं हाच नियमभंग. गावातल्या दवाखान्यात ताकदीसाठी लावतात ती बाटली बहुधा ५०० ची असते. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी यांचा भाग असेल तर सूट मिळते, म्हणून कागद जपून ठेवा.

प्रश्न : चार महिने पाळी नाही. कोच म्हणतात, चांगल्या धावपटूंचं असंच असतं. – एक धावपटू, कोल्हापूर

असं नसतं. तीन महिने पाळी चुकली की स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं. आधी गर्भधारणा आणि थायरॉइड तपासतात. मग बहुतेक वेळा कारण निघतं कमी खाणं. हिशेब करून पाहा. वजन ५० किलो, चरबी १६ टक्के, म्हणजे चरबीविरहित वजन ४२ किलो. दिवसाला १८०० कॅलरी खाल्ल्या, ७०० सरावात गेल्या, उरल्या ११००. म्हणजे चरबीविरहित वजनाच्या किलोमागे २६. तीसच्या खाली शरीर पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती यांवरचा खर्च कापतं. किलोमागे ४५ ही निरोगी पातळी गाठायला दिवसाला साधारण २६०० कॅलरी लागतील. सुरुवात सरावानंतरच्या अर्ध्या तासात खाण्यापासून करा.

गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तस्राव सुरू झाला म्हणजे पाळी परतली असं नव्हे. उलट मूळ दुखणं झाकलं जातं. नडगीत एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर धावणं आजच थांबवा आणि एमआरआय करून घ्या. ताणाने पडलेली बारीक चीर साध्या एक्स-रेत पहिले दोन-तीन आठवडे अनेकदा दिसत नाही.