पहिलीतल्या मुलीला उड्या मारत गणित आणि वाचन शिकवता येईल का?

पहिलीतली मुलगी पाच मिनिटेही एका जागी बसत नाही अशी शाळेची तक्रार आहे. तेव्हा तिला हालचालींतून गणित आणि वाचन शिकवता येईल का, आणि येत असल्यास घरी कसे व किती वेळ करावे, असे आपण विचारले आहे. शिकवता येते. मात्र या नावाखाली सध्या जे चालते त्यातील बरेचसे निव्वळ कवायत असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळत असे. शाळेच्या मागून देवळाकडे चढणारी जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, होती. दुसरीतल्या एका मुलीला शंभरापर्यंतचे आकडे घडाघडा म्हणता येत. परंतु 38 मोठे की 83, असे विचारले की ती माझ्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर ठरवत असे. आपल्याकडे अडतीस म्हणताना आठ आधी उच्चारला जातो आणि लिहिताना तीन आधी येतो, त्यामुळे हा गोंधळ अनेक मुलांचा होतो. परंतु तिच्या बाबतीत फळ्यावरचे सर्व उपाय थकले होते. तेव्हा आम्ही पाखाडीच्या प्रत्येक पायरीवर चुन्याने आकडे घातले, दर दहाव्या पायरीला पूर्ण रुंदीचा पट्टा ओढला आणि पहिल्या पायरीखालच्या जमिनीला शून्य म्हटले.

पहिली अडचण लगेच आली. मुले ज्या पायरीवर उभी असत तीच "एक" म्हणून मोजत, आणि मग प्रत्येक बेरीज एकाने चुके. उभी असलेली पायरी मोजायची नाही, पाऊल पुढच्या पायरीवर टेकले की एक, हा नियम अंगवळणी पडेपर्यंत मी दुसरे काहीही शिकवले नाही. त्यानंतर त्या मुलीला 38 वर उभे करून दहा पायऱ्या चढायला सांगितले. ती 48 वर पोहोचली, तेथून पुन्हा दहा चढून 58 वर गेली, पायाखालचा आकडा बघत थबकली आणि वरूनच ओरडली, "बाई, आठ हललाच नाय!" स्थानिक किंमत शिकवण्यासाठी मी आजवर जेवढे खडू झिजवले, त्या सर्वांचे सार त्या वाक्यात होते. पुढे 42 मधून 17 वजा करताना ती आधी दहा उतरून 32 वर आली आणि उरलेल्या सात पायऱ्या उतरताना तिसाचा पट्टा ओलांडून 25 वर थांबली. हातचा घेताना नेमके काय घडते, ते तिला पट्टा ओलांडताना कळले.

त्याच सुमारास एक अधिकारी शाळाभेटीला आले. वर्ग रिकामा आणि मुले पाखाडीवर हे पाहून त्यांनी शेरेबुकात "भेटीच्या वेळी वर्गाध्यापन आढळून आले नाही" असे लिहिले आणि एकाही मुलाला एकही प्रश्न न विचारता ते निघून गेले. त्या शेऱ्याला उत्तर देण्याची सोय तेव्हा नव्हती, ते आता देते. याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डी येथे, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर वाहिले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून पाड्यावरच्या अंगणात आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावर शाळा तेथेच भरली. त्यामुळे चार भिंतींबाहेर शिकवणे म्हणजे न शिकवणे, हे मत निदान कोकणात तरी कोणी मांडू नये.

आता कवायतीविषयी. डावा हात उजव्या गुडघ्याला लावला की मेंदूचे दोन भाग जोडले जातात आणि वाचन सुधारते, असे सांगणारी प्रशिक्षणे मीही घेतली आहेत. त्या दाव्याला भक्कम पुरावा नाही. हालचालीतच गणित असेल, म्हणजे एक पाऊल बरोबर एक आणि लांब गेले तर जास्त असे असेल, तरच तिचा उपयोग. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर या संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गरीब घरांतील बालवाडीच्या वयाची मुले एका ओळीतल्या चौकोनांवर सोंगटी चालवत होती. काहींच्या पटावर 1 ते 10 आकडे होते, काहींच्या पटावर केवळ रंग. सोंगटी दोघांचीही सारखीच पुढे सरकत होती, परंतु संख्यांची समज आकडेवाल्या मुलांचीच वाढली. जर्मनीत 2011 मध्ये नाचाच्या डिजिटल चटईवर संपूर्ण शरीराने पाऊल टाकून संख्यांची तुलना करणाऱ्या मुलांनाही, अशी हालचाल नसलेला तुलनेचा सराव संगणकाच्या पडद्यावर करणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाला. घरी सापशिडी खेळत असाल, तर 24 वरून तीन घरे जाताना "एक, दोन, तीन" न म्हणता "पंचवीस, सव्वीस, सत्तावीस" म्हणायला लावा. त्या पटावर दर ओळीला दिशा उलटते, त्यामुळे आरंभी अंगणात आखलेली सरळ रेघच बरी.

वाचनाबाबत माझा अनुभव तुलनेने तोकडा आहे. किनाऱ्यावर ओल्या वाळूत हातभर मोठी अक्षरे काढून त्यांवरून चालवल्यास घ आणि ध, भ आणि म यांतील गोंधळ कमी होतो. मात्र चालताना त्या अक्षराचा उच्चार झालाच पाहिजे. "नारळ" म्हणताना तीन टाळ्या, "पाखाडी"लाही तीन, "होडी"ला दोन, एवढे जमले की शब्द तुटतो कोठे ते कानाला समजते. त्यापलीकडे वाचन पुस्तकानेच येते, उड्यांनी नव्हे.

वेळ विचारलात, तर दहा-पंधरा मिनिटे पुरेत. त्यानंतर तेच गणित त्याच दिवशी पाटीवर आडवी रेघ ओढून सोडवून घ्यावे, आणि काही आठवड्यांनी रेघही काढून टाकावी. अन्यथा मूल पायऱ्यांवाचून अडते. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, तेव्हा पाखाडी वर्ज्य समजावी आणि पडवीत खडूने रेघ आखावी. धावण्या-चढण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी हेच काम बोटांनी किंवा सोंगटीने करता येते, आणि काही मुलांना मुळात शांत बसूनच चांगले समजते; त्यांना उगाच उठवू नये. पाढ्यांचे पाठांतरही सोडू नका, ते वेगळे काम आहे.

राहिली शाळेची तक्रार. मुलीला बसवण्याची हमी देऊ नका. तिची बेरीज पक्की झाली की वर्गशिक्षकांना विनंती करा की त्यांनी तिला 26 आणि 12 किती होतात एवढे विचारावे, हवे तर ती उभी असतानाच. ती कशी बसते याचा विषय त्यानंतर काढता येईल.