एजन्सीत नाव घालायच्या आधी

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले आणि चार वर्षं बेळगावातल्या एका छोट्या मॅटर्निटी होममध्ये आहे. नाईटला डॉक्टर घरून येईपर्यंत बऱ्याच डिलिव्हऱ्या आम्हीच करतो. आता पुण्याला जायचंय, मैत्रीण म्हणते नर्स पुरवणाऱ्या एजन्सीतून गेलं की लगेच काम मिळतंय आणि शिफ्टप्रमाणे पैसे. खरं फॉर्म भरायच्या आधी काय तयारी करायची तेच कळेना. आपलं कर्नाटकचं रजिस्ट्रेशन तिकडं चालतंय का?

उत्तर : तसंच्या तसं नाही चालत. तुझं नाव बेंगळुरूला कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे, पुण्यात ड्युटी करायची तर मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नाव लावून घ्यावं लागतं. निपाणी सोडली की कागल, तासाभरात कोल्हापूर, माणसं तीच बोली तीच, म्हणून आपल्या मुलींना वाटतं कागदपण तेच चालतील. एजन्सीवाले कधीकधी म्हणतात आधी जॉईन व्हा मग बघू, तसं अजिबात करू नकोस, कारण उद्या वॉर्डात काही झालं तर रजिस्टरमध्ये नाव नसलेली नर्स म्हणून तुलाच पुढं करतील. आधीच्या कौन्सिलकडून व्हेरिफिकेशन जायला वेळ लागतो तेव्हा हे काम सगळ्यात पहिलं, आताची नोकरी चालू असतानाच सुरू कर. रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली नाही ना तेही बघून घे.

दुसरी भानगड नावाची. दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव एका पद्धतीनं, इनिशियल शेवटी, जीएनएमच्या सर्टिफिकेटवर वेगळं, आधारवर लग्नानंतरचं सासरचं आडनाव, हे आपल्या भागात घरोघरी आहे. एजन्सीच्या ऑफिसातल्या पोरीला त्यातलं काही माहीत नसतं, तिला तीन नावं म्हणजे तीन माणसं दिसतात. जमेल तेवढी नावं एकसारखी करून घे, उरलेल्यासाठी अ‍ॅफिडेव्हिट आणि लग्नाचं सर्टिफिकेट जवळ ठेव. जुन्या कागदांवर बेलगाम आणि २०१४ च्या नोव्हेंबरनंतरच्यांवर बेळगावी असतं, त्याचं टेन्शन घेऊ नकोस, कुणी विचारलं तर सांगायचं. पोलीस व्हेरिफिकेशन कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरून ऑनलाईन मिळतं. कुठलाही दाखला कन्नडमध्ये असेल तर त्याचं इंग्लिश भाषांतर नोटरी करून सोबत लाव.

आता खरं महत्त्वाचं, तुझा अनुभव. तू लिहिलंस नाईटला आम्हीच करतो, हे तुला माहीत, मला कळलं, एजन्सीला कोण सांगणार? लहान हॉस्पिटलचं एक्सपिरियन्स लेटर म्हणजे दोन ओळी, स्टाफ नर्स म्हणून होत्या, वागणूक चांगली, खाली शिक्का. नोकरी सोडायच्या आधी, संबंध चांगले आहेत तोवर, मॅडमना भेटून सविस्तर लेटर मागून घे : लेबर रूममध्ये किती काळ, नॉर्मल डिलिव्हरी स्वतः केल्या की असिस्ट केल्या, सिझेरियनला थिएटरमध्ये होतीस का, बाळाला पहिल्या मिनिटात बॅग-मास्क देता येतं का. मसुदा तूच टाईप करून ने, डॉक्टरांना लिहायला वेळ नसतो, सही करायला असतो. स्वतःची एक वहीही घाल, तारीख, कितवी खेप, काय झालं, सोबत कोण होतं. पेशंटचं नाव मात्र त्यात लिहायचं नाही.

टेक्निकल इंटरव्ह्यूला बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर प्रश्न येणार असं धरूनच जा. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट आयएम (स्नायूत), हे पाठ सगळ्यांचंच असतं, मग ते विचारतात ऑक्सिटोसिन कुठं ठेवता. फ्रीजमध्ये, २ ते ८ डिग्री. यावरून आठवलं, आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ मध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, १६२० बायका, डिलिव्हरी करणाऱ्या एएनएम (खेड्यातल्या आरोग्यसेविका) सिस्टर. निम्म्यांना रक्तस्राव टाळायची मिसोप्रोस्टॉलची गोळी, निम्म्यांना औषध नसलेली, कारण गोळीला ना फ्रीज लागतो ना इंजेक्शन. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांच्या जागी ६.४ टक्के आलं आणि २००६ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापलं. पुण्या-मुंबईच्या मुलींसमोर आपण खेड्यातल्या म्हणून दबून बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एक्लॅम्प्सियाला (बाळंतपणात बीपी वाढून येणारे झटके) मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, रिफ्लेक्स, श्वास आणि युरीन का बघायचं, तेही बोलून बोलून तयार कर. आणि डिलिव्हरी झाल्यावर निवांत बसून पार्टोग्राफ (कळा चालू असताना वेळोवेळी भरायचा तक्ता) रंगवायची सवय लागली असेल तर आजच मोड, इंटरव्ह्यूवाली सिस्टर तुझ्यापेक्षा जुनी असते, तिला दोन प्रश्नांत कळतं.

हिपॅटायटिस बीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे कार्ड हरवलं असेल तर ऐनवेळी धावपळ करून काही होत नाही, टायटर (लसीचं संरक्षण किती आहे ती रक्ततपासणी) करून घे, १० किंवा वर आलं की झालं. बीएलएसचं (जीव वाचवायच्या प्राथमिक ट्रेनिंगचं) कार्ड २ वर्षंच चालतं. भाषांच्या रकान्यात मराठी, कन्नड, हिंदी, इंग्लिश चारही लिही, कन्नडही लिही, पुण्यात कन्नड बोलणारे पेशंट काय कमी आहेत?

पैशाचं बोलणं लाजून राहू देऊ नकोस. पगार एजन्सी देणार की हॉस्पिटल, शिफ्ट ऐनवेळी कॅन्सल झाली तर काय, नाईटचा रेट वेगळा का, पीएफ भरतात का, राहायची सोय कुणाची, हे लेखी घे. ओरिजिनल सर्टिफिकेट दाखवायची, जमा करायची नाहीत, कितीही मोठं ऑफिस असू दे.

प्रश्न : मी चिकोडी भागातली एएनएम. कोल्हापूरचा एक ब्युरो बाळंतीण आणि बाळाच्या घरच्या ड्युटीसाठी बोलावतोय. ते म्हणाले बायोडेटावर स्टाफ नर्स लिहा, रेट जास्त मिळतो. लिहू का?

उत्तर : नको गं. एएनएम हे स्वतःच्या जागी चांगलं क्वालिफिकेशन आहे, रजिस्टरमध्ये त्याची वेगळी नोंद असते, आणि खोटं लिहिलेलं पहिल्या तक्रारीला बाहेर येतं. त्यावेळी ब्युरो म्हणणार बाईनंच लिहून दिलं. घरच्या ड्युटीत त्रास निराळा असतो. बारा तासांचं ठरतं आणि सासूबाई म्हणतात जरा भांडी पण घासून टाका. म्हणून जायच्या आधीच ब्युरोकडून कागदावर घे, कामात काय काय येतं, झोपायला वेगळी जागा आहे का, इंजेक्शन द्यायचं तर डॉक्टरची चिठ्ठी असणार का. चिठ्ठी नसेल तर सुई हातात घ्यायची नाही. घरातच डिलिव्हरी करा म्हणून कुणी गळ घातली तर सरळ १०८ लाव. बाळंतिणीला भरपूर रक्त जायला लागलं, ताप आला, डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, बाळ दूध ओढेना झालं किंवा अंग थंड लागलं, तर ब्युरोला फोन नंतर, आधी दवाखाना. हेच तुला इंटरव्ह्यूला विचारलं तर असंच सांग, त्यांना पुढं काही विचारायची गरज वाटणार नाही.

प्रश्न : अथणीहून लिहिते. बीएस्सी नर्सिंग, तीन वर्षं अनुभव. एक एजंट म्हणतो तीन लाख भरा, इंग्लंडला मिडवाईफ म्हणून एजन्सीत लावतो. भरू का?

उत्तर : भरू नकोस. भारतातल्या रिक्रूटिंग एजंटला परदेशी नोकरीसाठी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते, आणि इंग्लंडच्या नियमानुसार तर तिकडच्या नोकरीसाठी उमेदवाराकडून फी घ्यायचीच नसते. एजंट रजिस्टर्ड आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेटच्या साईटवर बघ. तिकडं नर्स आणि मिडवाईफ यांची नोंद वेगवेगळी, परीक्षाही वेगळी, त्यामुळं आपल्या डिग्रीत मिडवायफरी आहे म्हणून आपोआप मिडवाईफ होता येत नाही. आधी इंग्लिशची परीक्षा दे, आयईएलटीएसमध्ये ७, रायटिंगला ६.५ चाललं, किंवा ओईटीत बी ग्रेड, एवढं हातात घे. तोवर एजंटला पासपोर्टची झेरॉक्स दिलीस तर चालेल, पासपोर्ट देऊ नकोस.