दगड हाताशी असताना हरणाच्या शिंगाची हत्यारं कशाला?

ठाण्याजवळच्या येऊरला चितळाचं गळलेलं शिंग दिसलं, आणि दगड एवढा मुबलक असताना पूर्वीची माणसं शिंगाची हत्यारं का करत, असं तुम्ही विचारलंय. आधी कामाचं: ते शिंग तिथेच राहू द्या. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तिथून काही उचलणं गुन्हा आहे.

दगड धारेला चांगला, धक्क्याला कच्चा. शिंगाचं उलट. गाईम्हशींच्या शिंगावर नखासारखं कवच असतं आणि ते जन्मभर टिकतं. चितळ-सांबराचं सबंध शिंगच हाडाचं, तेही गळून पुन्हा नवं येणारं. त्यात पायाच्या हाडापेक्षा खनिज कमी, म्हणून ते चिवट. झुंजीत आदळूनही सहसा मोडत नाही.

इंग्लंडमध्ये ग्राइम्स ग्रेव्हजला साडेचार हजार वर्षांपूर्वी लोकांनी चकमकीच्या दगडासाठी खोल खाणी खणल्या, त्या लाल हरणाच्या शिंगांनी. एक फाटा ठेवून बाकीचे छाटले की झाली कुदळ. यातली बरीचशी शिंगं गळलेलीच होती, म्हणजे शिकार न करता रानातून वेचलेली! स्टोनहेंज या इंग्लंडमधल्याच प्राचीन शिळावर्तुळाच्या खंदकातही अशा कुदळी टाकलेल्या सापडल्या. खंदक इ.स.पू. 3000 च्या सुमाराचा, हे त्यांच्याच कार्बन चाचणीतून कळलं.

मला मात्र कुदळींपेक्षा इंग्लंडमधल्याच यॉर्कशरच्या स्टार कार या अश्मयुगीन वस्तीत सापडलेली भाल्याची काटेरी टोकं जास्त आवडतात. वय सुमारे अकरा हजार वर्षं. शिंगावर चकमकीच्या पात्यानं लांबीच्या दिशेनं दोन समांतर चरे पाडायचे, आतल्या सच्छिद्र गाभ्यापर्यंत, आणि मधली पट्टी उचकटून काढायची. मग तिला काटे कोरायचे. शिंगाची ताकद लांबीच्या दिशेत असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. व्हायकिंग काळातले कंगवे करणारेही तेच जाणत: दाते नेहमी त्याच दिशेनं कापलेले. पण शिंगाची घट्ट पट्टी अरुंद, त्यामुळे अख्खा कंगवा एका तुकड्यात निघत नाही; छोटे तुकडे शेजारी लावून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत रिव्हेट मारायचे.

शिवाय चकमकीच्या पात्याला धार काढायलाही शिंग कामी यायचं. दगडानं दगड ठोकला की जाड ढलप्या उडतात, शिंगाच्या हातोड्यानं पातळ. तेव्हा दगड की शिंग असा प्रश्नच नव्हता, दोन्ही एकमेकांच्या कामी येत.

आपल्याकडे बिहारच्या चिरांदला नवाश्मयुगीन थरांत हाडाची आणि शिंगाची भरपूर अवजारं मिळाली आहेत. आणि सांबरशिंग तर जुन्या मराठी घरांत असायचंच, सुजेवर सहाणेवर उगाळून लावायला. गुण किती यायचा, याबद्दल मला दाट शंका आहे.