गाठ फोडून बघा, मग युरियाचे ठरवा

प्रश्न : सोयाबीन ३५ दिवसांचे आहे. जिवाणू संवर्धन (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) बियाण्याला लावून पेरले, मुळांवर गाठीही आहेत, तरी पीक पिवळे पडते आहे. युरिया द्यावा का?

उत्तर : आज देऊ नका. आधी चार-पाच ठिकाणची झाडे खुरप्याने ढेकळासकट काढा. उपटू नका, उपटले की गाठी मातीतच राहतात. मुळे पाण्यात बुडवून माती सुटू द्या आणि मोठी गाठ नखाने फोडा.

आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर गाठ कामाला लागली आहे. हवेतला नत्र पिकाला चालेल असा करणारे नायट्रोजिनेज हे जिवाणूतले विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होते, पण जिवाणूला श्वासासाठी प्राणवायू तर हवाच. तो मोजून पोचवण्याचे काम गाठीतले लेगहिमोग्लोबिन करते, हा रंग त्याचाच. आत पांढरी असेल तर काम सुरू नाही, हिरवट-तपकिरी असेल तर संपले. आणि गाठ सुटून न येता मूळच फुगलेले असेल, तर तो सूत्रकृमीचा, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक कृमींचा त्रास आहे.

युरियाला घाई नको म्हणतो, त्याला कारण आहे. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याच्या दोन अणूंची तिहेरी पकड सोडवायला जिवाणूला फार ऊर्जा लागते. ती झाडाच्या साखरेतून मिळते. जमिनीत आयता नत्र आला की झाड ही साखर आखडते आणि चांगल्या गाठीही थंडावतात.

गाठी गुलाबी असून कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता समजा. चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या रानात हे हमखास दिसते. चर काढून वाफसा येऊ द्या. खालची जुनी पाने पिवळी आणि गाठी पांढऱ्या किंवा नाहीतच, अशा वेळी मात्र युरियाचा हलका हप्ता जरूर द्या, पीक उपाशी ठेवू नका.

प्रश्न : उरलेले संवर्धन हरभऱ्याला चालेल का?

उत्तर : नाही. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करत नाही. हरभऱ्याचे वेगळे घ्या आणि पाकिटावरची मुदत बघा. बुरशीनाशक आधी, संवर्धन सर्वांत शेवटी. बियाणे सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात वाळवले तर जिवाणू मरतात.