पत्र्याच्या खोलीतला अजगर

प्रश्न : जंगल कार्पेट अजगराची जोडी मिळते आहे. परभणीत अंडी उबवता येतील का?

उत्तर : आधी कागदपत्रे पाहा. हा अजगर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या दमट वर्षावनातला असून, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार त्याची आणि पिल्लांचीही नोंदणी करावी लागते. आपला देशी अजगर तर पाळताच येत नाही. हिवाळ्यातील रात्रीचा गारवा जोडी जमण्यास पोषकच ठरतो. खरी अडचण उन्हाळ्याची. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून, अंग थरथरवून त्यांना साधारण ३० अंशांची ऊब देते. तिला ऊब वाढवता येते, पत्र्याखालचे ४२ अंश मात्र उतरवता येत नाहीत. कात अखंड न निघता तुकड्यांनी निघू लागली, तर हवा कोरडी पडली असे समजावे.